चांदणी दिसेपर्यंत

“ह्यात होडी कुठाय? दाखव मला,” टीव्हीच्या काचेवर बोट आपटत हे दुकानातल्या नम्रताला म्हणाले. “सगळा काळाच काळा आहे नुसता.”

चिपळूणला हरिश्चंद्रशेठच्या दुकानात वरच्या मजल्यावर आम्ही उभे होतो. पुराच्या धास्तीने शेठनी सगळे टीव्ही वर नेऊन ठेवलेत. त्यामुळे आमचा नवाकोरा टीव्ही खोक्यासकट जिना चढवून न्यावा लागला होता, आणि ह्यांनी हमालाला हात लावू दिला नव्हता. एका बाजूने हे, दुसऱ्या बाजूने आमची लेक मृणाली. मागून मी, पिशवीत तो व्हिडिओ गेमचा डबा आणि त्याच्या वायरी घेऊन. टीव्ही बदलून घ्यायला आलो होतो.

“काका, ही काय होडी,” नम्रता म्हणाली. पोरगी गोड बोलणारी. “हा खडक, त्याला टेकून होडी. आत माणूस पण बसलाय.”

“नाय दिसत.”

तिने डबा शेजारच्या टीव्हीला जोडला. मग त्याच्याही शेजारच्या, जो आम्ही जन्मात घेतला नसता. प्रत्येक वेळी कोपऱ्यात एचडीआर असं उमटायचं, आणि हे मान हलवायचे. खुर्चीवर एक आजी मिक्सरचं बिल होण्याची वाट बघत बसल्या होत्या. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पदराने चष्मा पुसून त्या पुढे झाल्या.

“होडी ना? आहे की. वल्ही आत घेतलीत त्याने.”

दुकानातली दोन-चार माणसं हसली. हे हसले नाहीत. मलाही होडी दिसत होती, पण मी तोंड उघडलं नाही. भर दुकानात नवऱ्याला खोटं पाडू नये एवढं मला समजतं. शिवाय मला वाटलं, हे हट्टाला पेटलेत, आता ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. शेठ जुन्या ओळखीचे. त्यांनी वाद घातला नाही, दुसऱ्या कंपनीचा टीव्ही काढून दिला. जिना उतरताना ह्यांचा पाय शेवटच्या पायरीवर चुकला, तेव्हा हे त्या जिन्यावरच्या दिव्यालाही दोन शब्द बोलले.

आमचे हे जहाजावर सीमन आहेत. आठ-नऊ महिने बोटीवर, मग रजा. हेदवीत आमचं घर, मी इथल्या शाळेत पोषण आहार शिजवते. मृणाली यंदा बारावीला. वर्षातला बराच काळ बाप फोनमधून भेटणार, म्हणून ती लहान असताना ह्यांनी परदेशातून असला पहिला डबा आणला. रजेवर आले की दोघं शेजारी बसून खेळायची. जंगलातून, गुहांमधून वाट काढायचा कसलासा खेळ. मला त्या डब्याचा रागच होता. भात निवायचा, हाका मारून घसा बसायचा, आणि आतून “पप्पा, मागे बघा, मागे” असं ओरडणं ऐकू यायचं. पण बापलेकींचं जे काही बोलणं व्हायचं ते तिथेच व्हायचं, म्हणून मी तो कधी माळ्यावर टाकला नाही.

गेल्या दोन रजांपासून ह्यांचं एकच पालुपद. गुहा आली की हे मरायचे. खड्ड्यात पडायचे, भिंतीला थडकायचे. “जुन्या डब्याला काळोख नीट दाखवता येत नाय,” म्हणायचे. बोटीवरच्या कॅडेट पोरांनी सांगितलं की आता नवीन डबे आलेत, त्यांत एचडीआर असतं. मृणालीने मला समजावलं होतं ते असं, की जुन्यात ऊन म्हणजे पांढरा डाग आणि काळोख म्हणजे काळा डाग. नव्यात उन्हातलं ऊन आणि काळोखातला काळोख वेगवेगळा दिसतो. मी म्हटलं, वेगवेगळा काळोख बघायला टीव्ही कशाला हवा, मागीलदारी जाऊन उभी राहा. तर ह्या रजेला हे नवा डबा घेऊन आले. त्याने गुहा उजळली नाही. मग कळलं की टीव्हीही तसाच लागतो. म्हणून टीव्ही घेतला. तरीही गुहा काळीच. म्हणून तो आज बदलला.

घरी आल्या आल्या, जेवायच्या आधी, जोडाजोडी झाली. दुपारची वेळ. मृणालीने खिडक्या लावून घेतल्या, दाराला चादर बांधली. मी ताटं घ्यायला सांगायला गेले, तर पडद्यावर काळा चौकोन होता आणि खाली इंग्रजीत काही लिहिलेलं.

“आई, बस ना. हे एकदाच करायचं असतं,” मृणाली म्हणाली. “मध्ये चांदणी आहे बघ. ती जेमतेम दिसेल इतपत बटण दाबायचं. त्यावरून डब्याला कळतं, आपल्याकडे काळोख किती ठेवायचा ते.”

बटण ह्यांच्या हातात होतं. हे दाबत होते. मला चांदणी दिसली, फिकी, राखाडी. मग चांगली दिसली. मग लख्ख. हे दाबतच होते.

“पप्पा, बस. झालं.”

“कुठे झालं? अजून आलीच नाय.”

“अहो पप्पा, केवढी मोठी दिसतेय.”

“तू गप गो. मला दिसायला नको?”

पडदा सगळा धुरकट झाला. आता तर काळा रंगच उरला नव्हता, चुलीतल्या राखेसारखं झालं होतं सगळं. तेव्हा हे म्हणाले, “हां. आता आली.” आणि खूष होऊन आमच्याकडे बघितलं. पण आम्ही बसलो होतो तिथे बघितलं नाही. आमच्या जरा बाजूला, भिंतीकडे बघून हसले.

मृणालीने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. दिवाळीत हे तुळशीवृंदावनावर आदळले होते, तेव्हा मी म्हटलं होतं, जहाजावरच्या झगमगाटाने घरचं विसरलात काय. संध्याकाळचं कुणाकडे जायचं म्हटलं की ह्यांचं डोकं दुखायचं. मागीलदारी जाताना भर तिन्हीसांजेला बॅटरी. मी हसायचे. जहाजावरचा गडी घाबरट झाला म्हणून शेजारच्या वहिनींना सांगायचे. ते सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मला माझ्याच जिभेचा राग आला.

मृणाली उठून दाराची चादर सोडू लागली. “पप्पा,” ती पाठ करूनच म्हणाली, “टीव्ही चांगला आहे. पहिलाही चांगला होता.”

ह्यांनी बटण खाली ठेवलं आणि हे जेवायला आले.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला आठवडा गेला. वाचायच्या चष्म्याचं निमित्त काढून मी न्यायची आणि ह्यांनी काही माहीत नसल्यासारखं यायचं, असं आमचं न बोलता ठरलं. डॉक्टरांनी थेंब घातले, आत बघितलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाले की डोळ्याचा पडदा कडेने वाळत चाललाय. उजेडात समोरचं अजून बरीच वर्षं दिसेल. काळोखातलं गेलं ते गेलं, त्यावर औषध नाही. हे कधी कधी रक्तातून येतं म्हणून मृणालीलाही आणा म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिला नेली. तिचे स्वच्छ निघाले. मी तिथेच बाकावर बसून रडून घेतलं.

घरी आल्यावर हे पडवीत बसले. मी चहा ठेवला.

“कुणाला बोलायचं नाय,” हे म्हणाले. “तुझ्या भावाला पण नाय.”

“आणि कंपनीला?”

“कंपनीला कशाला? मेडिकलला अक्षरं वाचायला देतात. रंगाचे ठिपके ओळखायला देतात. सगळं येतं मला. दिवसा चांगलं दिसतं ना.”

“आणि रात्रीचं तुम्ही काय काम करता?”

मला माहीत होतं. लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. रात्री वॉचला, म्हणजे पहाऱ्याला, जहाज चालवतात त्या ब्रिजवर उभं राहायचं, काचेतून समोर बघत राहायचं, दिवा दिसला की साहेबाला सांगायचं. मला सांगताना हे नेहमी छाती काढून सांगायचे की रडार चुकेल, नितेश चुकणार नाही.

हे चहाच्या कपाकडे बघत राहिले. मी उठले नाही. मग हेच बोलले.

“मागच्या खेपेला एक होडी आली होती आडवी. लाकडाची, लहान. रडारवर नीट आली नाय. मी समोर बघत होतो गो, शपथ. डोळे उघडे ठेवून बघत होतो. साहेब कॉफी करायला मागे गेला होता, तो येता येता ओरडला. जहाज वळवलं. होडी बाजूने गेली, एवढी जवळ. त्यातला कोण तरी बॅटरी हलवत होता. तीही मला नंतर दिसली.”

“मग?”

“साहेब बोलला, झोपलास काय? मी बोललो, हो साहेब, डोळा लागला.”

वीस वर्षांच्या नोकरीत ह्यांनी वॉचवर कधी डुलकी घेतली नाही. त्याचा केवढा अभिमान ह्या माणसाला. आणि झोपलो होतो असं कबूल केलं, कारण झोपलेल्याला एकदा माफ करतात. मला ह्यांची कीव आली आणि संतापही आला, दोन्ही एकदम.

“सुजय कसल्या होडीवर जातो हो?” मी विचारलं.

सुजय माझा धाकटा भाऊ. मासेमारीला जातो, रात्र रात्र समुद्रात असतो. त्याच्या होडीवर काठीला बांधलेला एक दिवा असतो, तोही कधी पेटतो कधी नाही.

“तू आता असं बोलणार काय?” हे म्हणाले.

“मी काय बोलले? विचारलं फक्त.”

त्या दिवसापासून आमच्यात अबोला. हे दिवसभर काहीतरी करत राहायचे. कुंपणाचा गडगा रचला, विहिरीचा रहाट दुरुस्त केला, पावसाळ्यात फुटलेली कौलं बदलली. सगळं उजेड असेतो. मृणाली अभ्यासाला बसायची, त्या डब्याला कुणी हात लावला नाही. मला रोज वाटायचं, आपण कोण सांगणारे? ह्या माणसाला समुद्राशिवाय दुसरं काही येत नाही. किनाऱ्यावर बसवला तर करेल काय? आणि तरी सुजय संध्याकाळी होडीवर गेला की माझा डोळ्याला डोळा लागायचा नाही.

शुक्रवारी मुंबईहून कंपनीच्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. मी तांदूळ निवडत होते. ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला. मुद्दाम टाकला, हे मला नंतर समजलं.

“पालशेतकर, तयार आहात ना? चांगलं जहाज आहे. सोमवारी मेडिकलला या.”

“साहेब, मी येणार नाय.”

“का हो? घरी काही अडचण?”

“मला रात्रीचं दिसत नाय.”

माणूस वाईट नसावा. आवाज खाली आणून म्हणाले, “पालशेतकर, असं फोनवर बोलू नका. दरवेळी पास झालाय ना तुम्ही? ह्यावेळी पण व्हाल. तुम्ही या तर खरं.”

“पास होईन साहेब,” हे म्हणाले. “तिथे उजेड असतो.”

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

“आणि मागच्या खेपेची ती होडी,” ह्यांचा आवाज जरा फाटला, पण हे थांबले नाहीत, “तेव्हा मी झोपलो नव्हतो. तेवढं लिहून घ्या. नितेश पालशेतकर वॉचवर झोपला नव्हता. त्याला दिसलं नाय.”

फोन ठेवल्यावर हे तसेच उभे राहिले. मृणाली आतून येऊन दारात थांबली होती. तिला वाटलं असणार बापाला मिठी मारावी, पण आमच्याकडे ती पद्धत नाही. तिने पाण्याचा तांब्या भरून आणला. हे उभ्यानेच पाणी प्यायले.

दिवस कलल्यावर हे म्हणाले, “चल, जरा समुद्रावर जाऊन येऊ.”

बॅटरी घेतली नाही. आम्ही वाळूवर बसलो. पुढे काय करायचं ते मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. सूर्य बुडाला, पाणी काळसर झालं, बोटी एकेक करून बाहेर पडू लागल्या. हे तिकडे तोंड करून बसले होते. काय दिसत होतं, किती दिसत होतं, देवाला ठाऊक. चांगला काळोख झाला तेव्हा मी म्हटलं, “निघूया.”

हे उठले, वाळू झटकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण रस्त्यात कधी आम्ही शेजारी चाललो नव्हतो. हे चार पावलं पुढे, मी मागे. खेडेगावात सगळे तसेच चालतात. तिठ्यावर दुकानापाशी माणसं बसली होती, सावित्रीकाकू दूध घेऊन चालल्या होत्या. सगळ्यांचं बोलणं थांबलं. ह्यांचा हात घट्ट झाला. मला वाटलं, आता काढतील. काढला नाही.

“कोण आहे तिथे?” हे हळूच म्हणाले.

“सावित्रीकाकू. आणि दुकानावरची.”

“काय काकू, दूध घेतलंत?” हे मोठ्याने म्हणाले.

“घेतलं रे बाबा,” काकू म्हणाल्या.

मी पदर सावरला आणि तशीच चालत राहिले. पुढे रस्ता उखडलेला होता.

“खड्डा,” मी म्हटलं.

ह्यांनी पाय उचलून पलीकडे टाकला.