बंद खिडकीतलं हरितलवक

मित्रांनो, मी एक जुनं हरितलवक बोलतो आहे. बेंगळुरूच्या जे. पी. नगरात, तळमजल्यावरच्या एका घरात खिडकीशी जास्वंदीची कुंडी आहे. तिच्या अगदी खालच्या पानात माझा मुक्काम. पानाच्या एकेका पेशीत माझ्यासारखी कितीतरी हरितलवकं असतात. पान हिरवं दिसतं ते आमच्यामुळे.

कोंबात होतो तेव्हा मी नुसता बिनरंगी ठिपका होतो. ऊन लागलं आणि हिरवा झालो. अंगावर दोन पातळ आवरणं आणि आत एकीवर एक रचलेल्या चकत्यांच्या चळती. चकत्यांत हरितद्रव्य. ते उजेड पकडतं. त्या बळावर मी मुळांकडून आलेलं पाणी फोडतो, प्राणवायू बाहेर सोडतो आणि चळतींभोवतीच्या दाट द्रवात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर करतो. झाड त्यावर जगतं.

घर सुचेता आणि पुरुषोत्तमचं. पुण्याहून दोघं १९९८ मध्ये इथं आली. तो व्हाइटफील्डला नोकरीला, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. सुचेताला दिवस गेले होते. ओल्या फडक्यानं ती आमची पानं पुसायची, खिडकीत बसून पोटावर हात ठेवून हळू आवाजात काहीबाही बोलायची. ते आमचे चांगले दिवस.

सातव्या महिन्यात बाळ गेलं. इस्पितळातून आली तशी तिनं खिडकीची लाकडी दारं लावून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

"जरा उघडू का?" पुरुषोत्तम विचारायचा.

"नको. उजेड नको मला."

मित्रांनो, रात्रीची आम्हाला सवय असते. दिवसा साठवलेलं रात्री पुरतं. पण आता सकाळच होईना. पुरुषोत्तम आठवणीनं कुंडीत पाणी घालायचा. ते फोडायचं कशानं? तिच्या उशाशी तो ताट ठेवायचा, तेही तसंच राहायचं. एकदा तो भिंतीला टेकून बराच वेळ रडला. तिनं मान वळवली नाही.

मग झाडानं खालची पानं मोडायला काढली. आधी माझं हरितद्रव्य गेलं, मग चळती विसकटल्या. जे कामाचं होतं ते शिरांतून वर, शेंड्याच्या कोंबाकडे जाऊ लागलं. मी पिवळा पडत गेलो. ओरडायला आम्हाला तोंड नसतं.

वरच्या मजल्यावर घरमालकीण सकवारबाई राहायच्या. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, सगळे त्यांना अक्का म्हणत. एका दुपारी त्या गंजी, म्हणजे तांदळाची पातळ पेज, घेऊन आल्या.

"सुचेता, स्वल्प तरी खा गं. दार काढ."

आतून कडी होती. अक्कांनी दार बडवलं, हाका मारल्या, मग मागून खिडकीशी येऊन पहारीनं दारं उचकटली. ऊन एकदम आत आलं. सुचेता जमिनीवर पडली होती, अंग तापानं फणफणलेलं. अक्कांनी रिक्षा बोलावली, तिला मांडीवर घेऊन इस्पितळात नेलं.

ऊन माझ्यावरही पडलं. पण पकडायला माझ्यात काही उरलं नव्हतं.

सुचेता वाचली. घरी आल्यावर तिनं खिडकी लावली नाही. काल अक्का खाली आल्या असताना सुचेताचा हात लागला आणि आमचं पान देठासकट गळून तिच्या ओंजळीत आलं. ती ते बघत राहिली. वर शेंड्याला बारकं हिरवं पान फुटलं होतं.

"अक्का, मुलगी होती," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

अक्का शेजारी टेकल्या. "नाव ठरवलं होतंस?"

"मुग्धा."

"मुग्धा," अक्का म्हणाल्या, आणि दोघी रडल्या.

मित्रांनो, माझं आता हिरवं होणं नाही. तुमच्या शेजारी कोणाची खिडकी फार दिवस बंद दिसली, तर पान पिवळं पडायच्या आत दार वाजवा. उघडलं नाही, तरी वाजवत राहा.