ड्रमाला कुंकू

नवरात्रात आमच्या ह्यांनी परातीत, ओल्या गोणपाटाखाली जव भिजत घातले, तेव्हा मला काय वाटावं? जवारे! घरात घट बसलेला, मिल बंद झाल्यापासून माणूस घरीच, लागला असेल देवाच्या नादाला. मी मेली भोळी, घटाची पूजा झाली की रोज त्या परातीलाही हळद-कुंकू वाहत होते.

कोंब फुटल्यावर ह्यांनी ते जव गच्चीवर वाळवले आणि घरीच भरडले. तिथे माझा माथा ठणकला. जवारे दसऱ्याला टोपीत खोवतात हो, भरडतं कोण?

वर महाराणी रोडच्या चकरा चालूच. बिजलीच्या सामानाची दुकानं तिथे, आणि हे रोज नवा हीटरचा रॉड घेऊन यायचे, परत करायचे. मोरीत पत्र्याचा नाही, चांगला स्टीलचा ड्रम आणून ठेवलेला. विचारलं, तर म्हणे, "पाणी तापवायला."

"एवढं पाणी? हत्तीला आंघोळ घालायचीय का?"

हे सौंफ चघळत बाहेर निघून गेले.

मग एक दिवस बल्ब घ्यायचाय म्हणून मीही ह्यांच्याबरोबर गेले. दुकानदारानं ह्यांना पाहताच हात जोडले. "श्रीराम भिया, ये ले जाओ. गीझरवाला है, फटाफट उबाल देगा."

"नको भिया, छोटा है. सगळी गर्मी एका जागी देईल, जव तळाला लागून करपतील." ह्यांनी दुसरा उचलला, प्रकाशात धरून पाहिला. "याची कलई आंबट पाण्यात सुटेल." शेवटी एक लांब, दुमडलेला, अख्खा स्टीलचा रॉड मागवला. "हां, हा सबुरीनं तापवेल." जन्म मिलच्या रंगखात्यात गेलेला, पाणी तापवायच्या बाबतीत कुणाचं ऐकायचे नाहीत. पण तो रॉड ह्यांच्या हातातून सटकला आणि खणकन फरशीवर पडला. उचलताना बोटं अशी कापत होती!

घाबरलेत, मी मनात म्हटलं. बायको समोर उभी आहे ना, म्हणून.

कारण कोंब आलेले जव, आंबट पाणी, एवढा मोठा ड्रम, तोवर मला सगळं कळलं होतं. दारू! माझा धाकटा भाऊ विष्णू ह्यांच्याच खात्यात होता. गेटला कुलूप लागलं तसा तो प्यायला लागला, आणि बेटमा रोडवरच्या कुठल्याशा अड्ड्यावरची विषारी दारू पिऊन गेला. ह्यांनी त्याला खांदा दिला होता. त्याच्या फोटोसमोर माझा हात हातात घेऊन शपथ घेतली होती, "शैलजा, या वस्तूला शिवणार नाही." आणि आता हाच माणूस दारू गाळून विकणार? दुसऱ्या कुणाच्या भावाला पाजणार? माझं तर डोकंच फिरलं. तरी गप्प राहिले. म्हटलं, रंगेहाथ पकडते.

दसऱ्याला सकाळी पाहते तर ड्रम घासूनपुसून पाटावर. खालच्या बाजूला तो रॉड नटानं कसलेला, वरती झेंडूची माळ. दरवर्षी मिलमध्ये मशीनची पूजा व्हायची.

"कुंकू लाव, शैला. यंदा आपलं मशीन हेच."

"कुणाला विकणार आहात?" मी ओरडलेच. "आहे कोण गिऱ्हाईक?"

"कुणी नाही गं. बीअर आहे, जवाची. आमचे एक इंजिनियर साहेब घरी करायचे, त्यांनी शिकवलंय."

"मग एवढा ड्रम भरून कोण पिणार?"

ह्यांनी खिशातून सौंफ काढून तोंडात टाकली. सकाळी सकाळी सौंफ?

"तोंड इकडे करा," मी म्हटलं. "फुंका."

त्यांनी फुंकलं. सौंफेच्या खाली तोच वास. विष्णूच्या कपड्यांना यायचा तो. अजून चहासुद्धा झाला नव्हता.

"गेटला कुलूप लागलं तेव्हापासून," हे म्हणाले. "सुटत नाही, शैला. अड्ड्यावरची पितो. विष्णू प्यायचा तिथलीच. म्हटलं, घरी चांगल्या भांड्यात, चांगल्या रॉडवर उकळली तर निदान मरणार तरी नाही."

देवा रे! मी रॉडवर नजर ठेवली, जवावर ठेवली, ड्रमावर ठेवली. माणसाकडे पाहिलंच नाही.

करंडा माझ्या हातातच होता. "हे कुंकू ड्रमाला लावू, की माझ्या कपाळाला राहू देऊ?" मी विचारलं. "एक काय ते सांगा."

ह्यांनी ड्रमावरची माळ उतरवली. मग पाना घेतला आणि रॉडचा नट सोडवायला बसले. पण पाना नटावर बसेचना. बोटं दुकानात कापत होती तशीच कापत होती.

मी करंडा खाली ठेवला आणि त्यांच्या हातातून पाना घेतला.