पेपरातली थंडी

गादीवाल्याचा दिवस पेपरच्या शेवटच्या पानावर, उजव्या कोपऱ्यात सुरू व्हायचा. तिथे तापमानाचा तक्ता असायचा, जेमतेम दोन बोटं रुंद. पहिल्या पानावर सरकार पडो की उभं राहो, त्याला काही सोयरसुतक नव्हतं. चष्मा नाकावर चढवायचा, तक्त्यावरून बोट खाली न्यायचं आणि एका गावाच्या नावापाशी थांबवायचं. चार अंश. दोन अंश. एखाद्या दिवशी शून्य. शून्य असलं की त्याचा चहा तसाच निवून जायचा.

त्या नावाच्या गावात त्याची लेक राहत होती. एकुलती एक. तिच्याशी तो सात वर्षं बोलला नव्हता.

भांडण झालं ते दुकानावरून. खाली दुकान आणि वर घर असा त्यांचा संसार. पोर लहानपणापासून कापसातच लोळलेली. तिच्या हाताचा टाका असा, की सुई कुठे शिरली आणि कुठून निघाली ते सापडायचं नाही. गादीवाल्याने मनातल्या मनात दुकानाची पाटीसुद्धा बदलून टाकली होती. फक्त लेकीला विचारायचं राहिलं होतं. तिने गुपचूप नर्सचं शिक्षण घेतलं आणि एके दिवशी कुठल्याशा लांबच्या गावच्या इस्पितळातल्या नोकरीचा कागद आणून त्याच्या गादी मोजायच्या फुटपट्टीशेजारी ठेवला. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "जा," तो म्हणाला. "पण मग या दारात परत पाऊल ठेवायचं नाही." तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, "बरं" म्हणाली, आणि खरंच ठेवलं नाही. बापाचीच लेक ती. हट्टाच्या बाबतीत दोघं एकाच मापाने कापलेली.

राग दोन महिन्यांत उतरला. पण तोंडातून गेलेला शब्द कसा परत घ्यायचा, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. बायको दर रविवारी शेजारच्या शिंप्याच्या फोनवरून लेकीशी बोलायची. हा तेवढ्या वेळात वर जाऊन कापसाची पोती इकडची तिकडे करायचा. ती परत आली की विचारायचं तर असायचं सगळंच, पण विचारायचा काय, तर "शिंप्याने माझी कात्री परत दिली का?"

आणि मग पहिल्या हिवाळ्यात त्याला पेपरात ते गाव दिसलं. थंडीच्या तक्त्यात सगळ्यात खाली, सगळ्यात गार.  पोरीने जाताना एक चादर नेली होती फक्त.

त्याच दिवशी त्याने माळ्यावरची जुनी पिंजण, कापूस पिंजायचं धनुष्य, खाली काढली. लोकांच्या गाद्यांचा कापूस आता यंत्रात जायचा, पण लेकीच्या रजईचा कापूस त्याने हाताने पिंजला. तीन दिवस दुकानात धनुष्याच्या दोरीचा टणत्कार चालू होता आणि गिऱ्हाइकं दारातूनच शिंकत परत जात होती. शिवून झाल्यावर त्याने रजईच्या एका कडेला लाल दोऱ्याचा एक टाका घातला. ही त्याच्या घराण्याची खूण. लाल टाका डोक्याकडे, म्हणजे पायाकडची बाजू कधी तोंडावर यायची नाही. लेक लहान असताना अंधारात चाचपून तो टाका शोधायची आणि सापडल्याशिवाय झोपायची नाही.

रजई बायकोसमोर ठेवून तो म्हणाला, "हे पाठवून दे."

"कोणाला?" बायकोने मुद्दाम विचारलं.

"ज्याला थंडी वाजत असेल त्याला," तो म्हणाला आणि जिना चढून वर गेला.

पार्सल बायकोने शिवलं, पत्ता तिनेच लिहिला. त्याने लिहायचा म्हणजे लेकीचं नाव लिहावं लागणार, आणि ते लिहिताना हात अडला तर बायकोला दिसणार. त्यापेक्षा नकोच. पंधरा दिवसांनी बायको फोनवरून आली आणि भांडी लावता लावता म्हणाली, "रजई पोचली. फार ऊब आहे म्हणत होती." गादीवाल्याने नुसतं "हं" केलं. पण त्या दिवशी दुकान बंद करताना तो शीळ घालत होता.

तेव्हापासून दर हिवाळ्याला एक रजई. पहिलीत दीड किलो कापूस, दुसरीत पावणेदोन, मग दोन. पेपरातला आकडा खाली गेला की रजईतला कापूस वर. दुकानात लेकीचा विषय काढायची कोणाची टाप नव्हती, त्यामुळे कोणी काही विचारलंही नाही. पण शिवता शिवता तो त्या गावात जाऊन यायचा. त्याने ते गाव मनात पुरतं बांधून काढलं होतं. चढाचा रस्ता, उतरती छपरं, सकाळी काचेवर साचलेलं धुकं. त्या रस्त्याने लेक हात काखेत खुपसून कामाला जायची. कोपऱ्यावर ती घसरायची तिथे तो मनातच तिचा दंड धरायचा. सात वर्षं त्याने तिला असं रोज कामावर सोडलं, आणि तिला त्याचा गंधही नव्हता.

सातवी रजई नुकतीच रवाना झाली होती आणि एका सकाळी ते गाव तक्त्यातून उठून थेट पहिल्या पानावर आलं. तीन दिवस बर्फ. रस्ता बंद. वीज नाही, पाणी गोठलेलं. खाली फोटो: एका माणसाचं फक्त डोकं आणि फावडं दिसत होतं, बाकी सगळं पांढरं.

गादीवाला उठला. दुकानात एका गिऱ्हाइकाची जाड रजई तयार होऊन पडली होती, तीन किलोची. त्याने ती गुंडाळून दोरीने बांधली.

"अहो, ती शाळेच्या बाईंची आहे," बायको म्हणाली.

"त्यांना दुसरी देईन."

"कुठे निघालात?"

त्याने पेपर तिच्यापुढे आपटला. तिने वाचला, घडी घातली आणि कपाटावर ठेवून दिला. "तिला काही होत नाही," ती शांतपणे म्हणाली.

"आई आहेस की कोण आहेस?" तो ओरडला. "तिथे माणसं गोठतायत, आणि तू घड्या घालत बसलीस!"

"अहो, माझं जरा ऐका..."

"सात वर्षं ऐकतोच आहे!" हे काही खरं नव्हतं, पण रागात माणूस काहीही बोलतो. दाराशी गेलेला तो परत फिरला, गल्ल्याशेजारच्या डब्यातून सुई आणि लाल दोऱ्याचं रीळ खिशात टाकलं आणि चपला घालून निघाला.

बस स्टँडवर ही गर्दी. त्याने रजई खांद्यावरून या हातात, त्या हातात करत खिडकी गाठली आणि गावाचं नाव सांगितलं. सात वर्षांत ते नाव तो पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारत होता.

"वरचं की खालचं?" तिकीटवाल्याने मान वर न करता विचारलं.

"म्हणजे?"

"अहो आजोबा, त्या नावाची दोन गावं आहेत. एक वरचं, डोंगरातलं. एक खालचं, समुद्रावरचं. दोघांत दोन दिवसांचं अंतर. लोक नुसतं नाव सांगतात, भलतीकडे उतरतात आणि शिव्या मला घालतात. म्हणून विचारून घेतो. वरचं असेल तर घरी जा, रस्ता बंद आहे."

"वरचंच," गादीवाला म्हणाला. "बर्फातलं. कुठवर गाडी जाते तिथवर द्या. पुढे मी चालत जाईन."

"खालचं," मागून आवाज आला.

त्याने वळून बघितलं. बायको उभी होती, धापा टाकत, हातात कापडी पिशवी.

"खालचं द्या," ती तिकीटवाल्याला म्हणाली. मग नवऱ्याकडे बघून, "ती समुद्राकाठी राहते. पहिल्यापासून. तिथे थंडी नसते हो. बारा महिने घामाच्या धारा."

गादीवाल्याला आधी काही उमजेचना. मग उमजलं. त्याने रजई खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. मागची रांग कुरकुरू लागली, पण त्याचं तोंड बघून कोणी मोठ्याने काही बोललं नाही.

"तुला माहीत होतं?"

"पहिली रजई पोचली तेव्हाच तिने सांगितलं."

"आणि फार ऊब आहे, ते?"

"ते मी सांगितलं." बायको त्याच्याशेजारी वाकली. "खरं सांगितलं असतं तर रजई बंद झाली असती. मग तुमच्याकडून तिला काय गेलं असतं? तीच म्हणाली, आई, सांगू नकोस, येऊ देत."

"आज सकाळी का नाही बोललीस? मी वेड्यासारखा इथवर..."

"बोलणार होते. तेवढ्यात तुम्ही चपला घातल्यात." ती त्याच्या पायांकडे बघत म्हणाली. "सात वर्षांत पहिल्यांदा तिच्यासाठी चपला घातल्यात. घरी सांगितलं असतं तर काढल्या असत्या. म्हटलं, निदान स्टँडपर्यंत तरी जाऊ देत."

 लेक सुखरूप होती, म्हणजे आता काळजीने जायचं कारण उरलं नव्हतं. बर्फात अडकलेल्या लेकीकडे धावून जाणं सोपं होतं, तिथे काही बोलावं लागलं नसतं. धडधाकट लेकीच्या दारात जाऊन काय म्हणायचं? 'सहज आलो' असं? त्याला घरी जावंसं वाटलं. आणि त्याच वेळी लेकीला बघायची अनावर ओढ लागली.

"आजोबा, खालची गाडी सव्वादहाला," तिकीटवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला. "दहा मिनिटं आहेत. नक्की काय ते सांगा."

गादीवाल्याने बायकोच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. आत त्याचे दोन सदरे होते, पातळ सुती, उन्हाळ्यातले. तो चपला घालून निघताच तिने सगळा बेत केला होता तर. तो उठला.

"दोन द्या," तो म्हणाला. "खालची."

गाडीत तो खिडकीशी बसला. डोंगरातलं ते गाव काही डोक्यातून जाईना. तो चढ, ती छपरं, काचेवरचं धुकं, सगळं अजून जागच्या जागी होतं. फक्त लेक त्यातून उठून गेली होती. तिथे दुसऱ्याच कोणाच्या लेकी आज थंडीत कुडकुडत होत्या, आणि सात वर्षं रोज जाऊन आल्यामुळे त्याला त्यांचीही काळजी वाटत होती. आणि जिथे लेक खरोखर होती, त्या गावाची एक भिंतसुद्धा त्याला ठाऊक नव्हती. ती कुठल्या रस्त्याने जाते, तिच्या खिडकीतून काय दिसतं, काही नाही. त्याने सुई काढली आणि हिसके खाणाऱ्या गाडीत शाळेच्या बाईंच्या रजईला लाल टाका घातला. दोनदा बोटात टोचली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ते उतरले. हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. इस्पितळामागे नर्सांच्या खोल्या होत्या, बुटक्या, दारं उघडी टाकलेली. तीन किलोची रजई खांद्यावर घेतलेला म्हातारा बघून येणारेजाणारे वळून वळून हसत होते. बायको दोन पावलं मागेच राहिली.

लेक दारात आली. केसांत चार पांढरे होते. तिने बापाकडे बघितलं, रजईकडे बघितलं आणि चौकटीला हात लावून उभी राहिली.

तो बाहेरच थांबला. ज्याने आपलं दार बंद केलं, त्याने दुसऱ्याच्या दारात आपणहून शिरायचं कसं? तिच्या खांद्यावरून त्याला खोलीतली जमीन दिसली. तिथे सहा रजया एकावर एक अंथरल्या होत्या, वर एक उशी. साही लाल टाके उशीकडच्या बाजूला, एका रेषेत.

"यांच्यावर झोपतेस?" त्याने विचारलं.

"पांघरल्या तर शिजून निघेन, बाबा. सातवी अजून पोचायची आहे."

"कापूस दबलाय सगळा. पुन्हा पिंजायला हवा."

"हं," ती म्हणाली.

त्याला हेच बोलत राहता आलं असतं, तासभरसुद्धा. कापूस, टाके, अस्तर. त्याने रजई खांद्यावरून उतरवली.

"मी चुकलो," तो म्हणाला.

"अहो बाबा, पेपरवाले दोन गावांतलं एकच देतात, त्यात तुमची काय..."

"पेपराचं नाही म्हणत. त्या दिवशी दारात जे बोललो, ते."

लेक पुढे झाली. तिने त्याच्या हातातून रजई घेतली, दोरी सोडली आणि कडेकडेने चाचपत लाल टाका शोधला. मग भर उन्हाच्या त्या काहिलीत ती जाडजूड रजई तिने अंगाभोवती लपेटली आणि टाका हनुवटीखाली घट्ट धरला. तिच्या कपाळावर घाम फुटला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

"अगं, उकडेल," गादीवाला म्हणाला.

"उकडू दे," ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.