काउंट रिवालचा खरखरीत सदरा

मी एक जुना सदरा आहे, आणि मित्रांनो, मला अजूनही एका जागी स्वस्थ पडता येत नाही. मी बोकडाच्या केसांचा आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या केर्मेलेनच्या कातेल नावाच्या विधवेनं मला विणलं. ती धान्याच्या गोण्या विणायची. मठातला पाद्री सदऱ्याचं माप घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे कापड गाढवाच्या पाठीवर टाकायचं. माणसाच्या अंगात कोण घालतं?"

घालणारे होते माझे धनी रिवाल. त्यांचे काका, केर्मेलेनचे काउंट, निपुत्रिक वारले होते. गादी माझी, असं रिवाल म्हणाले. चुलतभाऊ गेथेनॉक म्हणाला, माझी. तेव्हापासून चौदा वर्षं दोघं लढत होते.

धनी मोठे देवभक्त. वर चिलखत, आत मी. पापाची भीती जागी राहावी म्हणून मी टोचायचं, एवढंच माझं काम. माझ्यात उवा झाल्या, तर त्याही ते मारू देत नसत. पाठीवर वळ उठले की म्हणत, "देवा, तुझी आठवण राहिली." मठात माझं कौतुक व्हायचं. मला गर्व झाला होता, हे कबूल करतो.

मग एका दुपारी गेथेनॉककडून तहाचा कागद आला. नदीच्या दक्षिणेचा मुलूख तुझा, उत्तरेचा माझा, आणि दोघांनीही काउंट म्हणवून घ्यावं. धन्यांनी तो दोनदा वाचला आणि चक्क हसले. त्यांच्या पत्नी आझेनोर समोरच बसल्या होत्या.

"अहो, शिक्का मारा," त्या म्हणाल्या. "अर्धं तर अर्धं. माणसं घरी तरी येतील."

"मारतो. आधी जेवू दे. भूक लागलीय गं."

"भूक लागलीय म्हणे! चौदा वर्षांत हा शब्द ऐकला नव्हता तुमच्या तोंडून."

धन्यांनी पावाला खारं लोणी फासलं, सफरचंदाच्या दारूचा घोट घेतला, आणि लहानपणी गेथेनॉक झाडावरून कसा पडला होता ते सांगत बसले. मी नेहमीसारखाच टोचत होतो, पण त्यांना त्याची दादच नव्हती. मित्रांनो, मला ते सहन झालं नाही. दुसरा पाव घ्यायला ते पुढे वाकले, तसा मी जुन्या वळावर कचकचून घासलो.

त्यांचा हात थांबला. चेहरा उतरला.

"आझेनोर, हा सदरा अंगात आहे हेच मी विसरलो होतो."

"मग बरंच झालं की."

"बरं कसं? एवढं हलकं वाटलं मला. देव असं फुकट सुख देत नाही. हा सैतानाचा मोह आहे."

"देव काय नुसता टोचायलाच बसलाय का हो?" आझेनोरबाईंनी दुसरा पाव उचलून त्यांच्या हातात दिला. "तो पाव खा आधी. मग काय ते ठरवा."

धन्यांनी पाव खाली ठेवला आणि तहाचा कागद फाडून टाकला.

नवव्या दिवशी नदीच्या उथळ पाण्यात लढाई झाली. चिलखताच्या फटीतून भाला आला आणि माझ्यातून आरपार गेला. धन्यांबरोबर तीनशे माणसं मेली. काउंटपद गेथेनॉकला मिळालं.

तेव्हापासून मी मठातल्या लाकडी पेटीत आहे. लोक धन्यांना संत मानतात, गुडघे टेकून मला ओठ लावतात, माझ्यामुळे ताप उतरतो म्हणतात. आझेनोरबाई एकदाच आल्या. पाद्र्यानं मोठ्या भक्तिभावानं पेटी उघडली.

"बंद करा, बाबा," त्या म्हणाल्या. "यानं माझ्या नवऱ्याला जेवू दिलं नाही."

त्या परत कधी आल्या नाहीत. खरं काय ते त्यांना आणि मलाच ठाऊक होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. माझी विनवणी उलटी आहे. मला कसर लागू द्या. आणि कधी एखादा दमलेला माणूस हसत पानावर बसलेला दिसला, तर त्याला कशाचीही आठवण करून देऊ नका. त्याला जेवू द्या.