जरासं कललेलं कडं

मी एक जुनी मोटर आहे. आहे की होते, हे गोणपाटाखालून नीट ठरत नाही.

मित्रांनो, माझ्या जातीला रिपल्शन मोटर म्हणतात. विजेची तार माझ्या बाहेरच्या, स्थिर वेटोळ्यांपर्यंतच येते. आत फिरणाऱ्या भागाला कुणाचीच तार नाही. त्याला कार्बनचे दोन ब्रश टेकतात, आणि तेही फक्त एकमेकांना जोडलेले. बाहेरच्या विजेने आत आपोआप वीज जागी होते. ब्रश धरून ठेवणारं कडं जरासं कललेलं असलं, की ती मला ढकलते. दुसरीकडे कललं, तर मी उलटी फिरते. सरळ रेषेत ठेवलं, तर नुसती गुणगुणते.

सुरुवातीलाच जोर लागतो अशी कामं आम्हाला देत. पंप, लिफ्ट, भाताच्या गिरण्या. मी पनवेलला दिनानाथशेटच्या गिरणीत होते. भाताने भरलेली गिरणीसुद्धा एका दमात उचलायचे.

"माजी बाय दमाची हाय," मला चालवणारा गव्हाणचा काशिराम म्हणायचा, आणि कडं अंगठ्याने सरकवून माझा वेग ठरवायचा.

मग तो थकला, गावी गेला.

खंडेनवमी आली. गिरणी झाडणारी भामा मला पुसत होती.

"शेट, ह्ये करं वाकरं हाय."

"पूजेला वाकडं कशाला? सरळ कर."

तिने मायेने सरळ केलं. वर हळदकुंकू, झेंडूची माळ.

दसऱ्यानंतर बटण दाबलं. मी फि

मी फि

मी फिरले नाही. गुणगुणले, तापले, फ्यूज उडाला.

"जळली," शेट म्हणाले.

"जलली आसती त वास आला आसता."

"मग तुझ्या नाकाने भात कांडू का, भामा?"

कोपरा. गोणपाट. नवी मोटर. तिचा आवाज मला ऐकू येतो.

पुढच्या दसऱ्याला काशिराम सोनं द्यायला आला.

"माजी बाय कुठं हाय?"

"जळली रे."

गोणपाट उचललं गेलं. मला वाटलं, आता अंगठा. एकदाच. पण कडं सुकलेल्या माळेखाली झाकलेलंच होतं.

"शेट म्हनतात म्हंजी जललीच आसल," तो म्हणाला. पूजेची माळ कशाला हलवा, म्हणून त्याने तिच्यावरच आपट्याचं पान ठेवलं आणि गोणपाट परत ओढलं.

पान अजून आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात काही गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर ते जळलं म्हणू नका. हवी तर पूजा करा. पण आधी माळ बाजूला सारून, जरासं कलवून बघा.