चुकांसकट पाठवायचा उतारा

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या निम्म्या अक्षरांचा रंग उडाला आहे. उगाच फुशारकी मारत नाही, पण या घराच्या घासात माझाही वाटा आहे.

कारखान्यात माझी एकेक कळ दाबून पाहिली गेली, आणि मग मी बाबांच्या हाती आलो. बाबा टायपिस्ट. नजर कागदावर आणि दहाही बोटं माझ्यावर. चुकीचं पान त्यांच्या हातून कधी बाहेर गेलं नाही. लोक म्हणायचे, "तुमच्याकडचं काम म्हणजे डोळे मिटून सही करावी!" त्या शाबासकीतली अर्धी मी गुपचूप माझ्याकडे ठेवून घ्यायचो.

बाबा निवृत्त झाले आणि मी त्यांच्या लेकीच्या टेबलावर आलो. ताई नर्स आहे, तान्ह्या बाळांच्या वॉर्डात. तिला पुढे शिकायचं होतं. त्यासाठी अभ्यासाचं इंग्रजी लिहिता यायला हवं होतं. तिने एक ऑनलाइन कोर्स शोधला. त्यात दोन वर्ग होते, एक पायाचा आणि एक वरचा. आपल्याला कुठला झेपेल हे कळावं म्हणून आधी एक उतारा लिहून पाठवायचा होता. सूचना स्पष्ट होती. कुणाची मदत घेऊ नका, चुका राहू द्या.

ताई दोनच बोटांनी लिहायची. दिवे मंद केले की बाळं शांत झोपतात, एवढंच मांडायला तिची अख्खी दुपार गेली. पण शब्द न् शब्द तिचा होता. तेवढ्यात वॉर्डातून बोलावणं आलं. चपला घालता घालता ती म्हणाली, "बाबा, लिहून झालंय. तेवढं पाठवून द्याल?"

बाबा बसले. त्यांनी एक स्पेलिंग दुरुस्त केलं. मग दुसरं. अहो, थांबा ना, असं मला ओरडावंसं वाटलं. पण चूक दिसली की त्यांचा हात कुठला राहतोय! बघता बघता दहाही बोटं धावू लागली. ताईचा उतारा गेला आणि त्याच्या जागी एक देखणा, परका उतारा आला. "पोरीचं हसं नको व्हायला," असं पुटपुटत त्यांनी तो पाठवून दिला.

उत्तर आलं, तुम्हाला पायाच्या वर्गाची गरज नाही, वरचा घ्या. ताईला आनंद मावेना. "बाबा, म्हणजे मी बरं लिहिते हो!" बाबांनी नुसती मान हलवली. खरं ते ओठांवरच राहिलं.

वरच्या वर्गात सगळं तिच्या डोक्यावरून जाऊ लागलं. माझ्यावर बोटं ठेवून ती नुसती बसून राहायची. कधी कधी टपकन एखादा थेंब माझ्या कळांवर पडायचा. मला फार वाईट वाटायचं. शेवटी तिने कोर्स सोडला. "मी मठ्ठच आहे, बाबा. शिकणं माझ्या नशिबातच नाही."

तेव्हा बाबांना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. "तू मठ्ठ नाहीस गं. पायाच्या वर्गापासून सुरुवात कर, अजून घेतात."

ताई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "माझं लिहिलेलं वाचून तुम्हाला इतकी लाज वाटली?"

तिने मला एका फडक्याने झाकलं आणि ती कामावर निघून गेली.

आता बाबा रोज सकाळी फडकं काढतात, माझी कळ न् कळ पुसतात आणि मला पुन्हा झाकतात. एक अक्षरही टाइप करत नाहीत.

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली तरी चालेल. पण तुमच्या माणसाने जीव ओतून चार वेड्यावाकड्या ओळी लिहिल्या, तर त्यांना हात लावू नका. मला आता दहा बोटांचा वेग नको. त्या दोन बोटांची मी वाट पाहतो आहे.