बंदराला मत नसतं

लोकसभा मतदारसंघांच्या नव्या सीमांचा कच्चा आराखडा बाहेर आला, तेव्हा किर्ती नाखवाला नगरसेविका होऊन सहा महिनेही झाले नव्हते. वरळी कोळीवाड्यात जन्मली, तिथेच नांदायला राहिली. नवरा भावेश होडीवर जाणारा. पक्षाला कोळीवाड्यातली शिकलेली बाई हवी होती आणि किर्ती सापडली, असं लोक म्हणत. तीही ते नाकारत नसे.

आराखडा तिने आधी मोबाइलवर पाहिला, मग झेरॉक्सवाल्याकडून मोठा छापून आणला. दोन मतदारसंघांमधली रेघ मुख्य रस्ता सोडून कोळीवाड्यात शिरली होती आणि देवळामागच्या गल्लीतून थेट पाण्यापर्यंत गेली होती. घरं एका बाजूला. होड्या लागायचं बंदर आणि मासळी सुकवायचं मैदान दुसऱ्या बाजूला.

भावेश म्हणाला, पाच वर्षांतून एकदा मत द्यायचं, ते या खासदाराला दिलं काय नि त्या खासदाराला दिलं काय. किर्तीने त्याला समोर बसवून सांगितलं. किनाऱ्याचे नियम दिल्लीत ठरतात. उद्या बंदरावर काही आलं तर जायचं कोणाकडे? घरांचा खासदार म्हणणार, बंदर माझ्या हद्दीत नाही. बंदराचा खासदार म्हणणार, तुम्ही माझे मतदार नाही.

"बंदरावर कोणी राहतं का?" ती म्हणाली. "नाही ना? म्हणजे तिथे एकही मत नाही. ज्या जागेला मत नाही, तिच्यासाठी कोण भांडणार?"

भावेशने नकाशा पुन्हा स्वतःकडे ओढला.

दुसऱ्या दिवशी जयवंत घाडी घरी आले. प्रभाग समितीचे अध्यक्ष, लोअर परळच्या चाळीत वाढलेले, गिरणी कामगाराचे चिरंजीव. किर्तीला भाषण करायला, अर्ज लिहायला, अधिकाऱ्यासमोर न घाबरता बसायला त्यांनीच शिकवलं होतं. ती त्यांना काका म्हणायची. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. प्रभाग समितीने आराखड्याला पाठिंबा द्यावा, असा ठराव. पक्षाच्या वरच्या लोकांकडून आला होता. या रेघेने पक्षाची एक जागा पक्की होत होती, हेही त्यांनी लपवलं नाही. कागदावर खाली अनुमोदक म्हणून किर्तीचं नाव आधीच छापलेलं होतं.

"माझंच का, काका?"

"कोळीवाड्याच्या बाईचं नाव असलं की कोळीवाडा बोलत नाही," जयवंतकाका म्हणाले. "तुला खोटं कशाला सांगू?"

किर्तीने कागद ठेवून घेतला. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. ते गेल्यावर तिला पहिल्यांदा राग आला, तो त्यांचा नाही, स्वतःचा. आपलं नाव लोकांचं तोंड बंद करायला उपयोगी पडतं, हे आपल्याआधी दुसऱ्यांनी ओळखलं होतं.

संध्याकाळी नकाशा घेऊन ती रेघ चालायला निघाली. बरोबर तुळसामावशी होती, तिच्या आईची सख्खी बहीण. सत्तरीची, सुक्या मासळीचा धंदा करणारी, आणि वाड्यात कोणाचं घर कधी बांधलं ते तोंडपाठ असलेली. आराखड्यात 'रस्त्याच्या मध्यरेषेने' असं लिहिलं होतं. पण देवळामागून साठ पावलांवर तो रस्ता संपत होता. तिथे तीन घरं उभी होती, आणि मावशीच्या सांगण्याप्रमाणे तिच्या लग्नाआधीपासून उभी होती. नकाशा कुठल्या तरी जुन्या कागदावरून उचलला होता. मधलं घर मावशीचंच होतं. रेघ पुढच्या दाराने शिरून चुलीजवळून बाहेर पडत होती.

मावशीने उंबऱ्यावर उभं राहून दोन्हीकडे पाहिलं.

"म्हंजे मी रांधनार एकाच्या राज्यात आन निजनार दुसऱ्याच्या," ती म्हणाली. "गो बाय, त्यांना इचार, मत द्यायला कंच्या दारातून बाहेर पडू?"

दारात जमलेल्या शेजारच्या बायका हसल्या. किर्तीने तिन्ही घरांचे फोटो काढले, प्रत्येकीकडून जुनं वीजबिल आणि घरपट्टीची पावती मागून घेतली.

समितीची बैठक गुरुवारी झाली. बारा नगरसेवक, त्यातले आठ पक्षाचे. ठराव वाचून झाला, आणि चिटणिसाने सवयीने पुढचं वाक्यही वाचलं, अनुमोदक श्रीमती किर्ती नाखवा. किर्ती उभी राहिली.

"माझं अनुमोदन नाही. मला विचारलं नव्हतं."

जयवंतकाकांनी चष्मा काढून पुसला. मग दुसऱ्या एका सदस्याने अनुमोदन दिलं, हात वर झाले, ठराव मंजूर झाला. विरोधात चार विरोधक आणि पाचवी किर्ती. तिने मागणी केली की आपला विरोध कारणांसकट इतिवृत्तात लिहिला जावा. शेजारच्या सदस्याने तिचा पदर हलकेच ओढून, पुरे आता, असं खुणावलं. ती बसली नाही. चिटणीस पेन हातात धरून अध्यक्षांकडे बघत राहिला.

"लिहा," जयवंतकाका म्हणाले. "सदस्याचा हक्क आहे."

दीड पान भरलं. तिने त्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घेतली.

त्या रात्री पक्षाच्या कार्यालयातून फोन आला. पुढच्या वेळच्या तिकिटाबद्दल जे सूचकपणे बोललं जातं, ते बोललं गेलं. भावेश शेजारीच होता. फोन ठेवल्यावर त्याने एवढंच विचारलं की आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी कुठल्या दिवशी आहे, म्हणजे त्या दिवशी होडी सोडणार नाही.

सुनावणी दादरच्या एका सभागृहात होती. कोळीवाड्यातून साठेक माणसं गेली. सकाळपासून लोक बोलत होते, आणि प्रत्येकाचं मागणं एकच होतं, आम्हाला या मतदारसंघात टाका, त्या मतदारसंघात नको. किर्तीची पाळी जेवणाच्या सुट्टीनंतर आली. समोरच्या अधिकाऱ्याने फाइल उघडून सांगितलं की तुमच्याच प्रभाग समितीने आराखड्याला पाठिंबा दिला आहे. किर्तीने दीड पान पुढे केलं. मग फोटो, वीजबिलं, पावत्या. बंदरावर एकही मतदार नाही, पण त्या बंदरावर अख्ख्या वाड्याचं पोट आहे, हे तिने सांगितलं. पाच मिनिटांतली चार संपली होती.

अधिकारी थकलेला होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "तुम्हाला कुठला मतदारसंघ हवा?"

"कुठलाही."

त्याने मान वर केली.

"या बाजूला टाका, नाहीतर त्या बाजूला टाका," किर्ती म्हणाली. "आम्ही कोणाचं तिकीट मागायला आलो नाही. पण घर आणि बंदर एकत्र ठेवा. आम्हाला तोडून कोणाचं गणित जुळत असेल, तर ते गणित त्यांनी दुसरीकडे जुळवावं."

मागून टाळ्या वाजल्या, तशी अधिकाऱ्याने हाताने थांबवल्या. तुळसामावशीने उठून आपण त्या मधल्या घरात राहतो, एवढंच सांगितलं आणि खाली बसली. त्याने तिचं वीजबिल पुन्हा एकदा उलटून पाहिलं आणि समासात काहीतरी लिहिलं.

अंतिम आराखडा तीन महिन्यांनी आला. रेघ मुख्य रस्त्यावर परत गेली होती. कोळीवाडा सगळा एका बाजूला, बंदरासकट. मात्र पक्षाला कोळीवाड्याची मतं ज्या बाजूला नको होती, तीच ही बाजू होती, आणि जी जागा पक्की होणार होती ती आता डळमळीत झाली होती.

आठवड्याभरात किर्तीला पक्षाची नोटीस आली, शिस्तभंगाची कारवाई का करू नये? जयवंतकाकांनी फोन करून सल्ला दिला, दोन ओळींत दिलगिरी लिही, बाकीचं मी सांभाळतो. ते मनापासून सांगत होते, हे तिला कळत होतं.

"काका, तुम्हीच शिकवलंत अर्ज लिहायला," ती म्हणाली. "पण दिलगिरीचा नाही लिहिणार. मला वाईट वाटलेलं नाही."

"बरं," ते म्हणाले. " मग मुद्देसूद लिही. तारखा घाल."

तिने तारखा घालून तीन पानं लिहिली आणि स्वतः जाऊन देऊन पोच घेतली. पक्षाने तिला निलंबित केलं, नगरसेविकापद मात्र राहिलं. पुढच्या बैठकीत तिची जागा बदलून शेवटच्या रांगेत, दाराजवळ दिलेली होती. विषयपत्रिका संपल्यावर तिने हात वर केला. अध्यक्षांनी नाव पुकारलं. किर्ती उभी राहिली आणि कोळीवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे दिवे महिनाभर बंद आहेत, ते कधी लागणार, असं विचारलं.